निष्काळजीपणाचा दावा: सिद्ध कसा करायचा आणि परतवायचा कसा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. भर पावसात उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन त्यांच्या घोट्याचं हाड मोडलं होतं. मुलाने फोटो काढले होते, मोजून सतरा. सुजलेला पाय, प्लास्टर, एक्स-रे, सलाईनची बाटली, कॉटवर बसलेल्या मावशी. चेंबरचा एकही फोटो नव्हता. आम्ही जागेवर गेलो तोवर तिथे नवं झाकण बसलं होतं आणि कडेचं सिमेंट अजून पांढुरकं दिसत होतं. झाकण नवीन आहे एवढंच आम्हाला दाखवता येत होतं. त्या संध्याकाळी ते नव्हतं, हे सांगायला मावशींच्या शब्दापलीकडे काहीच नव्हतं. दावा फेटाळला गेला.

म्हणून आता कुणीही पक्षकार आला की दुखापतीची चौकशी झाल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, "पहिल्या आठ दिवसांत काय काय केलंत?" लोकांना वाटतं की लागलं किती, खर्च किती झाला, यावर दावा उभा राहतो. तसं नाही. समोरच्याने काय करायला हवं होतं, त्याने ते केलं नाही आणि नेमकं त्यामुळेच हे घडलं, ही साखळी जोडता आली तर दावा उभा राहतो. आणि ही साखळी बहुतेक वेळा "त्यामुळेच" या कडीला तुटते.

हा लेख दोन्ही बाजूंसाठी आहे. ज्याला लागलं त्याच्यासाठी, आणि ज्याच्या हातात नोटीस पडली त्याच्यासाठीही.

आधी दार ओळखा

अपकृत्याचा कायदा, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दल भरपाई द्यायला लावणारा कायदा, आपल्याकडे एका पुस्तकात कलमवार लिहिलेला नाही. इंग्लंडच्या आणि आपल्या न्यायालयांच्या निकालांतून तो घडत आला आहे. म्हणून निष्काळजीपणाचा सर्वसाधारण दावा दिवाणी न्यायालयात जातो. पण काही प्रकरणांसाठी वेगळी दारं आहेत आणि चुकीच्या दारात दोन-तीन वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

मोटार अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर रात्री दुचाकी आदळली, तरी दार हेच, कारण ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत हयगय झाली, उदाहरणार्थ खासगी दवाखान्यात, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय मात्र त्यातून बाहेर राहतं, तिथे दिवाणी दावाच करावा लागतो. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कामगाराला कामावर इजा झाली तर आधी कामगार नुकसानभरपाई आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) मार्ग तपासा. तिथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.

वीजवाहिनी तुटून धक्का बसला तर गणित आणखी वेगळं. 2002 च्या शैल कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकी धोकादायक वस्तू हाताळणाऱ्यावर कडक जबाबदारी येते. "तार दुसऱ्याच कुणी ओढली होती" हा बचाव तिथे टिकला नाही.

मुदत

इथे घाई करा, कारण मुदत गेली की खरा दावाही जातो. खासगी व्यक्तीविरुद्ध शरीराच्या इजेबद्दल दावा करायला 1963 च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद 113 प्रमाणे 3 वर्षं मिळतात. माणूस दगावला असेल तर 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांना मृत्यूच्या तारखेपासून 2 वर्षं. ग्राहक आयोगाकडे 2 वर्षं. मोटार अपघाताच्या अर्जाला कायद्यात 6 महिने लिहिले आहेत.

महापालिकेविरुद्ध जायचं असेल तर सर्वांत जास्त सावध राहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 मुळे अधिनियमाखालच्या कामाबद्दलच्या दाव्याआधी एक महिना लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा 6 महिन्यांत लावावा लागतो. राज्य सरकारच्या खात्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. "तीन वर्षं आहेत की अजून" असं म्हणत बसलेला माणूस सातव्या महिन्यात आला तर वकिलाच्या हातात फार काही उरत नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यांबाबत मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खड्ड्याचं प्रकरण असेल तर आपल्या वकिलाला या आदेशाबद्दल आवर्जून विचारा.

एक प्रकरण घेऊ

पुढचं सगळं समजायला एक काल्पनिक प्रकरण धरून चालू. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिने घडवणारा 34 वर्षांचा कारागीर. महिन्याची कमाई 18,000 रुपये. शाहूपुरीतल्या गल्लीतून चालला असताना बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या परांचीवरून वीट पडली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. परांचीला जाळी नव्हती, खाली रस्ता अडवणारी पट्टी नव्हती, धोक्याची पाटी नव्हती.

पहिले आठ दिवस

जखमेचे फोटो काढाच, पण आधी जागेचे काढा. एक लांबून, ज्यात शेजारचं दुकान, त्याची पाटी किंवा विजेचा खांब दिसेल. एक जवळून. एक वर बघून, परांचीला जाळी नाही हे दाखवणारा. एकात मोजपट्टी धरा. पडलेली वीट पिशवीत घालून ठेवा, तिच्यावर मसाला चिकटलेला असेल तर तो पुसू नका. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटो हा मूळ फोटो नव्हे.

समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला भेटा. काही आठवड्यांतच जुन्या चित्रणावर नवं चढतं. त्याची प्रत घेताना त्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा विचार करा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळखक्रमांक, लिहावी लागते. प्रमाणपत्राशिवाय पेन ड्राइव्ह दाखल केला की समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

पोलिसांत खबर द्या. पंचनामा दिवाणी दाव्यातही फार उपयोगी पडतो, कारण तो त्याच दिवसाचा असतो आणि तुम्ही लिहिलेला नसतो. दवाखान्यात केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते वाचा. "पडून लागले" आणि "वरून वीट हातावर पडून लागले" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत पहिलंच लिहिलं जातं. साक्षीदारांची नावं, फोन नंबर त्याच दिवशी वहीत उतरवा. गल्लीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वर्षभराने मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

बांधकामाचा परवाना कुणाच्या नावावर आहे, ठेकेदार कोण, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने काढता येतं. अर्जाला 10 रुपये शुल्क आणि साधारण 30 दिवसांत उत्तर.

चार कड्या

पहिली कडी, काळजी घेण्याचं कर्तव्य. 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पेयाच्या बाटलीत निघालेल्या गोगलगाईच्या प्रकरणात सांगितलं की आपल्या कृतीने ज्याला इजा होईल हे आधीच दिसू शकतं, तो आपला कायद्यातला शेजारी. त्याच्याशी आपला करार नसला तरी चालतो. परांचीखालून जाणारा वाटसरू हा बिल्डरचा असा शेजारी आहे. ही कडी आपल्या प्रकरणात सहज जुळते.

सगळीकडे इतकी सहज जुळत नाही, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत असं मला नेहमी वाटतं. 1966 चा सुभगवंती निकाल: दिल्लीत चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा होता आणि त्यात वापरलेल्या मसाल्याचं आयुष्य 40-45 वर्षांचं. तो महापालिकेच्याच ताब्यात होता. न्यायालय म्हणालं, मनोरा असा आपोआप पडत नसतो, घटनाच बोलते आहे. महापालिका जबाबदार ठरली. आणि 1997 चा राजकोट निकाल: रस्त्याकडेचं झाड कामावर निघालेल्या माणसावर पडलं, तो दगावला. तिथे महापालिकेवर जबाबदारी आली नाही. दोन्हीकडे वरून काहीतरी पडलं, दोन्हीकडे पालिका. फरक पडला तो धोका आधी दिसत होता का, तपासणीचं कर्तव्य नेमकं किती, यात. म्हणून झाड पडल्याच्या प्रकरणात "झाड पडलं" एवढं लिहून भागत नाही. ते पोकळ झालं होतं, कललं होतं, रहिवाशांनी अमुक तारखेला अर्ज दिला होता, असा कागद असेल तर प्रकरणाचा रंग बदलतो.

दुसरी कडी, कर्तव्यात कसूर. कसोटी सामान्य शहाण्या माणसाची: त्याच्या जागी असा माणूस असता तर त्याने काय केलं असतं? जाळी लावली असती, गल्लीची ती बाजू बंद केली असती. विटेच्या प्रकरणात घटनाच बोलते हे तत्त्व आपल्याला आधार देतं. 1863 मध्ये लिव्हरपूलला गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप वाटसरूवर पडलं, तेव्हापासून हे तत्त्व वापरात आहे. पण दोन गोष्टी दाखवाव्याच लागतात, वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात होती आणि अशी घटना हयगयीशिवाय सहसा घडत नाही. डॉक्टरांची कसोटी वेगळी आहे. त्याच शाखेतला साधारण कुशल डॉक्टर काय करेल हे पाहिलं जातं, आणि 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून फौजदारी खटल्यासाठी तर ठळक, ढोबळ निष्काळजीपणा लागतो. तिथे दुसऱ्या डॉक्टरच्या मताशिवाय पाऊल टाकू नका.

तिसरी कडी, कारण. सर्वांत जास्त दावे मी इथे मोडताना पाहिले आहेत. आपल्या कारागिराने समजा दवाखान्यातून प्लास्टर घालून आणलं आणि चार दिवसांनी घरच्यांच्या आग्रहाने प्लास्टर काढून हाड बसवणाऱ्याकडून पट्टी बांधून घेतली. आता मनगट वाकत नाही. हे विटेमुळे की पट्टीमुळे? समोरचा वकील उलटतपासणीत तासभर फक्त हेच विचारणार. म्हणून उपचार करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरला सरळ प्रश्न विचारून लेखी मत घ्या: पहिल्या एक्स-रेतच सांधा किती बिघडलेला होता? घडलं ते लपवू नका. न्यायालयाला ते केसपेपरवरून कळतंच, आणि मग खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो. उलट, जखमी माणसाची हाडं आधीच ठिसूळ होती हा बचाव मात्र चालत नाही. ज्याला इजा केली तो जसा आहे तसाच कायदा त्याला धरतो.

चौथी कडी नुकसान. ती कागदांवर उभी राहते. पक्की बिलं, औषधांच्या पावत्या, रिक्षाभाडं, कमाईचा पुरावा. गुजरीत बरीच कामं रोखीत होतात हे मला माहीत आहे. मग बँकेचं पासबुक, सराफाने दिलेल्या कामाच्या चिठ्ठ्या आणि खुद्द सराफाची साक्ष, यांतून कमाई दाखवायची.

रक्कम काढायची कशी

मोटार अपघातांसाठी सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांनी पक्की केलेली गुणकाची पद्धत, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची पद्धत, इतर दाव्यांतही वाट दाखवते. 31 ते 35 वयाला गुणक 16. डॉक्टरांनी हाताचं अपंगत्व काहीही टक्के लिहिलं असलं तरी प्रश्न असतो कमाईवर किती परिणाम झाला. 2011 च्या राजकुमार निकालाने हे स्पष्ट केलं. मनगटाचा हाच ताठरपणा शिक्षकाच्या पगाराला फारसा धक्का लावणार नाही. चिमट्याने खडा बसवणाऱ्याचं मात्र अर्धं काम जाईल.

समजा कमाईतली घट 20 टक्के धरली. वर्षाचे 2,16,000, त्याचे 20 टक्के 43,200, गुणिले 16, म्हणजे 6,91,200 रुपये. तीन महिने काम पूर्ण बंद होतं त्याचे 54,000. औषधोपचार 1,40,000. एकूण 8,85,200, शिवाय वेदनांबद्दलची रक्कम आणि व्याज वेगळं. अपंगत्वाचा दाखला नुसता दाखल करून भागत नाही, तो देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं.

नोटीस, दावा, साक्ष

नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा. तिच्यात शिवीगाळ नको, तारीख, वेळ, जागा आणि नेमकी कसूर हवी. नोटिशीत एक आणि दाव्यात दुसरं असं झालं की उलटतपासणी सोपी होते. दावा घटना घडली त्या ठिकाणच्या किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयात लावता येतो. आपलं प्रकरण कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जाईल. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे ठाऊक नसल्यामुळे किती जणी घरी बसून राहतात.

दाव्यात जमीनमालक, बिल्डर, ठेकेदार या सगळ्यांना पक्षकार करा. ते एकमेकांकडे बोट दाखवू देत, त्यातून तुमचाच पुरावा तयार होतो. सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो, पण फौजदारीसारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. शक्यतांचा तोल तुमच्याकडे झुकला की पुरे. म्हणूनच फौजदारी खटल्यात मुकादम सुटला म्हणून दिवाणी दावा संपत नाही.

नोटीस तुम्हाला आली असेल तर

आता बाजू बदला. तुम्ही ते बांधकाम करणारे आहात असं समजा. पहिली गोष्ट, जागा दुरुस्त करा, पण दुरुस्तीआधीचे फोटो काढून ठेवा. सार्वजनिक जबाबदारीची विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, उशीर झाला की तीच हात वर करते. हजेरीपत्रक, जाळी खरेदीचं बिल, ठेकेदाराशी केलेला करार, सुरक्षेच्या सूचनांची वही एकत्र करा. मागाहून भरलेली वही आणू नका. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली तीन महिन्यांची वही न्यायाधीशांना पान उलटताच ओळखू येते.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, न्यायालयाच्या परवानगीने 90 दिवसांपर्यंत. कैफियतीत "सर्व मजकूर खोटा व नाकबूल" एवढंच लिहिण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती सोडा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 प्रमाणे प्रत्येक विधानाला नेमकं उत्तर द्यावं लागतं. जे नेमकं नाकारलं नाही ते मान्य धरलं जाऊ शकतं. जाळी होती असं म्हणायचं असेल तर कोणत्या तारखेला कुणी लावली ते लिहा.

बचाव निवडताना साखळीची कमकुवत कडी शोधा, सगळ्या कड्यांवर एकदम घाव घालू नका. "वीट आमची नव्हतीच" आणि "वीट पडली पण जाळी होती" हे दोन्ही एकत्र म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ठेकेदारावर ढकलणंही वाटतं तितकं सोपं नाही. काम रहदारीच्या रस्त्यालगत, धोक्याचं असेल तर मालकाची जबाबदारी सहसा सुटत नाही. करारात भरपाईचं कलम असेल तर ते पैसे नंतर ठेकेदाराकडून वसूल करायला उपयोगी.

वादीचीही चूक असेल तर ती मांडा. रस्ता दोरी लावून बंद केला होता आणि तो दोरीखालून वाकून आला, हे सिद्ध झालं तर न्यायालय चुकीची वाटणी करतं. 20 टक्के चूक त्याची ठरली तर वरच्या 8,85,200 चे 7,08,160 होतात. हाड बसवणाऱ्याकडे जाणं हेही इथेच येतं. आपलं नुकसान वाढू न देण्याची वाजवी काळजी जखमी माणसानेही घ्यायची असते.

"धोका माहीत असून त्याने पत्करला" हा बचाव आपल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या उदाहरणाने नीट कळतो. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाने डाव बसून खांदा निखळण्याचा धोका पत्करलेला असतो. पण बसायची जागा खचून प्रेक्षक पडला तर तो धोका त्याने पत्करलेला नाही, तिकीट काढलं तरी नाही.

आणि दैवी आपत्ती. पुरानंतरच्या प्रत्येक कैफियतीत हा शब्द असतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे शहरातली शाळकरी मुलंही सांगतील. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर लोकांनी पाहिले आहेत. ज्या तळघरात पाणी शिरतं हे माहीत आहे, तिथे वीजजोडणी तशीच चालू ठेवून "अकल्पित आपत्ती" म्हणता येणार नाही. हा बचाव टिकवायचा असेल तर पातळीचा इशारा आल्यावर तुम्ही काय केलं, कुणाला हलवलं, कुठला स्विच बंद केला, याची नोंद दाखवावी लागते.

चूक खरोखर झाली असेल तर तडजोडीचा विचार लवकर करा. मध्यस्थीत किंवा लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते आणि कारागिराला हात बरा करण्यासाठी पैसे वेळेवर मिळतात.

निकालानंतर

जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू आहे. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पक्षकारांची मुंबईची रात्रभराची वारी वाचली आहे. अपील झालं नाही आणि पैसेही आले नाहीत, तर वसुलीची दरखास्त 12 वर्षांच्या आत लावता येते. तिच्यात प्रतिवादीची मिळकत तुम्हालाच दाखवावी लागते. म्हणून बिल्डरच्या नावावरचे फ्लॅट, सात-बारा, बँक खातं यांची माहिती दावा लावतानाच काढून फाइलच्या शेवटच्या पानावर लावून ठेवा.